नावलौकिकाची यांत्रिक कसोटी

एखाद्या माणसाची योग्यता काय, हे पूर्वी त्याला ओळखणारी माणसे सांगत. आता तोच प्रश्न गूगलला किंवा चॅटजीपीटीला विचारला जातो आणि मिळालेल्या चार ओळींचा परिणाम नोकरीच्या मुलाखतीपासून व्याख्यानाच्या निमंत्रणापर्यंत सर्वत्र होऊ लागला आहे. साहजिकच त्या चार ओळींत आपले नाव झळकावे यासाठी सल्ला विकणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला आहे. माणसाने स्वतःकडे ‘ब्रँड’ म्हणून पाहावे, हा विचार अमेरिकेतील टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये मांडला. तेव्हा निदान पारख करणारा माणूस होता. आता पारखी यंत्र झाले आहे.

या यंत्राची रीत समजून घेणे अगत्याचे आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगलची स्थापना केली, ती विद्वत्तेच्या क्षेत्रातील एका जुन्या प्रथेचा आधार घेऊन. ज्या ग्रंथाचा हवाला अनेक अभ्यासक देतात तो महत्त्वाचा. तद्वतच ज्या पानाकडे अनेक वजनदार पाने निर्देश करतात ते वरचे. २०१२ मध्ये गूगलने व्यक्ती, संस्था व ग्रंथ यांचे परस्परसंबंध नोंदविण्यास आरंभ केला. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरले आणि २०२४ मध्ये गूगलनेही भारतात शोधाच्या माथ्यावर यंत्ररचित सारांश देण्यास सुरुवात केली. पूर्वी दहा दुवे समोर येत व निवड वाचकाची असे. आता तयार उत्तर हाती पडते आणि पुढे जाऊन पडताळा पाहण्याची निकड वाटेनाशी होते.

यंत्राला गुण कळत नाहीत, नोंद कळते. यात खरी मेख आहे. ज्याने तीस वर्षे उत्तम शिकविले, मराठी नियतकालिकांत लेखन केले, परंतु ज्याचा एकही लेख महाजालावर नाही, तो यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. त्यात एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, त्यामुळे एकाचे कार्य दुसऱ्याच्या नावावर चढते. अनेक यंत्रांना शिकविण्यासाठी वापरल्या गेलेल्या ‘कॉमन क्रॉल’ या संग्रहात इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. मराठीचा एक टक्काही नाही.

अनुल्लेखापेक्षाही चुकीचा उल्लेख घातक. ऑस्ट्रेलियातील हेपबर्न शायरचे महापौर ब्रायन हूड यांना लाचखोरीबद्दल तुरुंगवास झाल्याचे चॅटजीपीटी सांगत असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. वस्तुतः त्या प्रकरणाला वाचा फोडण्यात त्यांचाच पुढाकार होता! महापौरांना निदान वकील गाठता येतो. नोकरीच्या शोधातील पदवीधराने कोणाचे दार ठोठवावे? आपल्याकडील २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने दुरुस्तीचा हक्क मान्य केला आहे. तथापि जी माहिती व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केली, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे प्रसिद्धीसाठी जो जितका उघडा होईल, तितके त्याचे संरक्षण कमी.

म्हणून या साऱ्याकडे पाठ फिरवावी, असे नव्हे. आपले खरे काम एका ठिकाणी, एकाच नावाने, तारीखवार आणि मराठीतही नोंदवून ठेवणे हा आत्मप्रौढीचा प्रकार नसून दप्तर नीट ठेवण्याचाच भाग आहे. मात्र हे ओझे एकट्या व्यक्तीवर टाकून भागणार नाही. विद्यापीठांनी आपले प्रबंध आणि ग्रंथालयांनी जुन्या नियतकालिकांच्या सूची सर्वांना खुल्या केल्या, तर अनेक अबोल कार्यकर्त्यांची नोंद आपोआप होईल. दुसरीकडे, नेमणुका करणाऱ्यांनी यंत्राचे उत्तर हा पुरावा मानू नये. उमेदवाराचे काम स्वतः पाहावे. ज्या समाजाने माणूस पारखण्याचे कष्ट सोडले, त्याला शेवटी जाहिरातीत तरबेज असलेली माणसेच मिळतील आणि त्याबद्दल यंत्राला दोष देता येणार नाही.