दिवा पेटला, दोष शोधायचा कोणी?

रत्नागिरी : प्रतिनिधी

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की रत्नागिरीतील मालकापुढे दोन वाटा असतात : कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र किंवा ओळखीच्या मेकॅनिकचे गॅरेज. दोन्हीकडे पहिले काम एकच होते. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला जातो आणि पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो. हा क्रमांक आता हजार रुपयांच्या आतले यंत्रही वाचते. मात्र क्रमांक वाचणे म्हणजे निदान नव्हे आणि या दोहोंतील अंतराची किंमत ग्राहकाला मोजावी लागते.

क्रमांकाचा अर्थ

'पी ०१७१' हा क्रमांक इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. त्यामागे हवेच्या नळीला गेलेली चीर, मळलेला सेन्सर, थकलेला इंधनपंप किंवा चोंदलेला इंजेक्टर यांपैकी काहीही असू शकते. 'पी ०४२०' आला, की धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात दोष ऑक्सिजन सेन्सरचा किंवा धुराच्या नळीतील गळतीचाही असू शकतो. तापमापी ताप दाखवते, रोग सांगत नाही. तसेच हे आहे.

कोकणात त्यात आणखी भर पडते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे वायरिंगच्या कनेक्टरना गंज चढतो. उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. अशा वेळी स्कॅनर सेन्सरचे नाव घेतो, दोष मात्र वायरीत असतो. नवा सेन्सर बसवूनही दिवा पुन्हा लागतो तो यामुळेच. मल्टिमीटरने वायर तपासण्यास अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास अनेकदा दिला जात नाही.

नुसता क्रमांक पुसून टाकणे त्याहून घातक ठरते. दोष उद्भवला तेव्हाचा इंजिनाचा वेग, तापमान आदी नोंदीही त्याबरोबर पुसल्या जातात आणि पुढच्या मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही.

माहितीला कुलूप

१ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज-६' निकष लागू झाले आणि गाड्यांतील सेन्सर वाढले. काही क्रमांक सर्व कंपन्यांना समान असतात, तर काही त्या त्या कंपनीपुरते. दुसऱ्या प्रकारासाठी कंपनीचे स्कॅनर व तांत्रिक पुस्तिका लागतात. छोट्या गॅरेजची अडचण येथेच होते.

हा प्रश्न नवा नाही. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग, निदान यंत्रे व पुस्तिका न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. कंपन्यांनी त्यास आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीचा हक्क' संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. मात्र संकेतस्थळावर माहिती ठेवणे आणि ती मेकॅनिकच्या हाती पडणे यांत बरेच अंतर आहे.

उपाय कोणता?

स्पॅनरवर हात बसलेल्या पिढीला वायरिंगचा नकाशा वाचता आला पाहिजे. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात शिकणाऱ्या मुलांना त्याचा पुरेसा सराव मिळायला हवा. जुन्या मेकॅनिकसाठी संध्याकाळचे अल्पमुदतीचे वर्ग घेता येतील. ग्राहकानेही बिलावर मूळ क्रमांक, केलेली तपासणी आणि बदललेला भाग लिहून मागावा. नेहमीच्या गॅरेजला हे जमले नाही, तर साध्या दोषासाठीही गाडी कंपनीच्या दारात न्यावी लागेल आणि तेथील दर मुकाट्याने मोजावा लागेल.