पाण्याखालचे आजोळ

बालपणीच्या गावी परतण्याच्या प्रवासाला मराठी ललित गद्यात मानाचे स्थान आहे. ओळखीचे वळण, पडका वाडा, थकलेली आत्या आणि लेखकाचे भरून आलेले डोळे, असा त्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. या स्मरणरंजनाला आमचा विरोध नाही. मात्र गाव आपल्या जागी असणार, हे त्यात गृहीत धरलेले असते.

आम्ही दोघांनी अलीकडे कराड-चिपळूण रस्त्याने असाच प्रवास केला. एकाचे बालपण पाटणला गेले. मल्हारपेठ, कोयना-केरेचा संगम, जुनी आळी, चुलत्यांचे घर हे सारे त्याला सापडले. दुसऱ्याचे आजोळ शिवसागर जलाशयाखाली आहे. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. खोऱ्यातली कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने मागे राहिलेल्यांचीही घरे पाडली. आजोळची माणसे आज सोलापूरकडे आणि माती इथे पाण्यात. मग ‘आजोळी जाणे’ म्हणजे नेमके कुठे जाणे?

आजीच्या बोलण्यातले अंगण हाच आता त्या गावाचा पत्ता. कोयनेच्या १९६० मेगावॉट विजेचा हिशेब नोंदलेला आहे. या अंगणाचा नाही. म्हणून आत्मपर गद्य शिकवताना लेखकाने काय गमावले एवढ्यावर थांबू नये. ते कशामुळे गेले, कोणाच्या सोयीसाठी गेले आणि परतीची वाट कोणाला उरली, हेही विद्यार्थ्यांनी विचारावे.