'गुन्हा कबूल करा, दंड भरा' हा सल्ला महागात पडेल

मा. संपादक,

'दारूबंदीच्या केसमध्ये बचाव नसतो, गुन्हा कबूल करून दंड भरावा' हे आपल्याकडे छापून आलेले मत वर्ध्यासारख्या दारूबंदी जिल्ह्यात अनेकांना गोत्यात आणेल.

लेखकाने सगळे आरोप एकाच पोत्यात भरले. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 मध्ये गाळणे, विकणे कलम 65 खाली येते; बाळगणे, वाहून नेणे, पिणे 66(1)(ब) खाली. आणि 65(ई) मध्ये विकत घेणाराही आरोपीच, हे ते सोयीस्करपणे विसरले.

तोंडाला वास आला म्हणजे गुन्हा शाबित, हेही खोटे. रक्तात 0.05 टक्के किंवा अधिक अल्कोहोल निघाले, तर ते औषधातले होते हे आरोपीने दाखवायचे. प्रमाण त्याहून कमी असेल, तर गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावरच. दारू जप्त झाली असेल, तर कॅनमधून नमुना कोणासमोर काढला, बाटलीवर लाखेचे सील होते का, तीच बाटली प्रयोगशाळेत पोहोचली का, पंच खरेच जागेवर होते की ठाण्यात सह्या करून गेले? केस इथेच उभी राहते किंवा पडते. परवाना असेल तर तो दाखवावा.

दंड भरला की सुटका? नाही. ती दोषसिद्धी असते. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत निघते, पुढच्या खटल्यातही नडते.

वकील परवडत नाही, ही सबबही पुरत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा.

— एक वाचक, आष्टी (जि. वर्धा)