आवाज फुटलेली मुलेही शिबिराला हवीत

आपल्या इंदूरच्या शाळेचा गायनवृंद येत्या शनिवार-रविवारी संगीताच्या बाईंबरोबर देवासला निवासी शिबिरासाठी जात आहे, याचा आनंद आहे. मात्र यादी पाहून आम्हा पालकांना एक गोष्ट खटकली. सातवी-आठवीतली तीन मुले वगळली आहेत, कारण त्यांचा आवाज फुटला आहे.

या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांबतात, आवाज खाली उतरतो. तो बसायला काही महिने, कधी वर्षही लागते. तोवर ताणून गाऊ नये, हे बाईंचे म्हणणे योग्यच आहे. पण गाता येत नाही म्हणून ऐकायलाही येऊ नये का?

लहानपणीच मैफली गाजवलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारामुळे देवासला राहायला आले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. त्या काळात त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली. पुढे तीच त्यांच्या गाण्यात उतरली.

या तिघांनाही न्यावे. त्यांनी तंबोरा छेडावा, टाळ धरावा, खालच्या पट्टीत हलके गुणगुणावे. आवाज पुन्हा बसेल. गाण्यावरून मन उडाले तर ते पुन्हा बसेलच असे नाही. गाडीभाड्याचा वाढीव खर्च आम्ही पालक वाटून घेऊ. विश्वस्तांनी आणि बाईंनी विचार करावा, ही विनंती.