संभाजी महाराज : बखरीपासून रीलपर्यंत

१/ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांत तरुण प्रेक्षक ओक्साबोक्शी रडले, घोषणा देत उभे राहिले आणि ती दृश्ये मोबाइलवरून घरोघर पोहोचली. महिनाभरात खुलताबादच्या कबरीचा वाद पेटला. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा राग पुन्हा जागा झाला, असे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी विधानसभेत सांगितले. त्याच मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात मुघलांचे सोने शोधत होते!

२/ आधुनिक संस्कृती तरुणांना इतिहासापासून तोडते, ही वडीलधाऱ्यांची नेहमीची तक्रार. येथे मात्र उलटेच घडले. त्याच संस्कृतीने तरुणांच्या हाती इतिहास दिला, पण तीन तासांत दिला आणि मग तीस सेकंदांत. चिंता करायचीच तर ती या वेगाची करावी.

३/ कारण हे पूर्वी एकदा घडून गेले आहे, तेही नेमके संभाजी महाराजांच्याच बाबतीत.

४/ महाराजांच्या हत्येनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. महाराजांनी ज्या बाळाजी आवजींना देहदंड दिला, त्यांचेच हे वंशज. बखरीतला संभाजी व्यसनी, अविचारी आणि क्रूर ठरला. पुढे रंगभूमीने हे चित्र उचलले. राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिले. तरीही त्यातला संभाजी मराठी मनात ठसला. नाटक पाहून भारावलेल्या तरुणाला त्यामागे बखर आहे आणि बखरीमागे एका घराण्याची जखम आहे, हे कोण सांगणार होते?

५/ हे चित्र पुसले ते वा. सी. बेंद्रे यांनी. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी कागदपत्रे धुंडाळली आणि १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा, एकाच वेळी मुघल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राजा त्यानंतर महाराष्ट्राला दिसू लागला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी १९७९ची; ती या संशोधनानंतरची आहे, आणि चित्रपट त्या कादंबरीवर उभा आहे.

६/ म्हणजे आज ज्या राजासाठी तरुण रडतो, तो राजा त्याला दप्तरांत डोळे शिणवणाऱ्या माणसांनी परत मिळवून दिला. रीलमध्ये बेंद्रे नसतात. त्यांच्या कष्टांवर चित्रफीत चालणारही नाही म्हणा.

७/ जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. संताप समजण्यासारखा होता, कृती नव्हे. बेंद्रे यांनी नाटकाला उत्तर दिले ते कागदपत्रांनी. पुतळा काढायला एक रात्र पुरते, चरित्राला चाळीस वर्षे लागतात. तरुणांना यांतले कोणते शौर्य शिकवले जात आहे, हा खरा संस्काराचा प्रश्न आहे. त्याचा पाश्चात्त्य पोशाखाशी किंवा भाषेशी फारसा संबंध नाही.

८/ २०२३ साली या शहराला महाराजांचे नाव अधिकृतपणे मिळाले. येथून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादेत औरंगजेबाची कबर आहे. साधी, छत नसलेली, वर माती. भोवतीची संगमरवरी जाळी बरीच नंतरची. १६८१-८२च्या सुमारास दख्खनेत उतरलेला हा बादशाह पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. १६८९ साली त्याने संभाजी महाराजांना हालहाल करून मारले आणि त्यानंतरही तो अठरा वर्षे लढत राहिला. राजाराम महाराज जिंजीत टिकले, संताजी-धनाजींनी त्याच्या फौजा हैराण केल्या, ताराबाईंनी राज्य सांभाळले. १७०७ मध्ये तो अहमदनगरला मेला आणि येथे पुरला गेला.

९/ चित्रपट १६८९ ला संपतो. जिंजी, ताराबाई आणि ती अठरा वर्षे त्याच्या बाहेर राहतात. दख्खनेने बादशाहाला परत का जाऊ दिले नाही, याचे उत्तर तिथे आहे. त्याच खुलताबादेत मलिक अंबरही निजला आहे. १६१०च्या सुमारास खडकी वसवून त्याने या शहराचा पाया घातला. त्याने सुरू केलेल्या नहरींचे पाणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या या शहराला मिळत राहिले.