मधल्या फळीतले सारथी

आमच्या पिंपरी-चिंचवडात मुलीकडची मंडळी स्थळ पाहायला आली, की पत्रिकेच्या आधी एक प्रश्न टाकतात : "पर्मनंट आहे ना?" उत्तर होकारार्थी आले की चहा गोड लागतो. मग दुसरा प्रश्न, तो जरा आवाज खाली आणून : "आतापर्यंत कंपन्या किती बदलल्या?" तीन म्हटले की पाहुण्यांच्या भुवया वर जातात, चार म्हटले की पोहे बशीतच राहतात. तीस वर्षे एकाच कारखान्याच्या बसने, एकाच खिडकीपाशी बसून गेलेला माणूस हा आमच्याकडचा आदर्श पुरुष. निवृत्तीच्या दिवशी त्याला घड्याळ देतात. वेळेवर जायचे काम संपले, त्या दिवशी!

या मापाने मोजायचे म्हटले तर मोटारींच्या जागतिक शर्यतींतले बहुतेक सारथी आमच्या शहरात खपायचे नाहीत. दोन-तीन वर्षे झाली की हे लोक मालक बदलतात. कधी करार संपतो, कधी मालकच नारळ देतो, कधी भर मोसमात दोघेही ‘परस्परसंमतीने’ एकमेकांना हात जोडतात. (ड्रायव्हरला मी सारथी म्हणतो, ही मराठीच्या प्राध्यापकाची खोड म्हणा. पण आमच्याकडे ड्रायव्हर म्हटला की पहाटे निगडीच्या चौकात हॉर्न वाजवणारा कंपनीच्या बसचा ड्रायव्हर डोळ्यांपुढे येतो. आणि तो शर्यतीच्या वेगाने निघाला तर पहिल्या पाळीची धडगत नाही.)

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे या सदराचे नेहमीचे वाचक विचारतील. त्याचे उत्तर चाकणला आहे. महिंद्रांच्या विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारी २०२५ पासून चाकणच्या कारखान्यातून रस्त्यावर येऊ लागल्या. त्याच महिंद्रांचा एक संघ २०१४ पासून ‘फॉर्म्युला ई’ या विजेच्या मोटारींच्या शर्यतीत उतरतो आहे. संघाची कार्यशाळा इंग्लंडात बॅनबरी गावी, सारथी बहुधा परदेशी. पण नाव आपले. त्यामुळे महाळुंगे-खालुंब्र्याकडे कामाला जाणाऱ्या घरांतली पोरे त्या लाल मोटारींची गुणसंख्या तोंडपाठ सांगतात. वृत्तांची लक्षणे मात्र त्यांना पाठ होत नाहीत. असो.

या संघाची बहुतेक हयात गेली ती मधल्या फळीत. क्रिकेटमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पुढे दोन-तीन श्रीमंत संघ, मागे दोन-तीन गरीब, आणि मध्ये पाच-सहा संघांची दाटी. २०२३ ते २०२५ या तीन मोसमांत फॉर्म्युला ईमध्ये ११ संघ होते आणि २२ मोटारी. गुण मिळतात पहिल्या दहांना. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८ असे उतरत उतरत दहाव्याला १. म्हणजे दहावा आला तो पदरात एक घेऊन घरी जातो, आणि त्याच्याहून डोळ्याचे पाते लवण्याइतका मागे राहिलेला अकरावा रिकाम्या हाताने.

आमच्या मावळ-खेडच्या बैलगाड्याच्या घाटांत हा न्याय अधिक उदार आहे. तिथे गाड्यावर सारथी नसतो, पुढे घोडी पळते आणि हिशेब सेकंदांचा. ठरलेल्या सेकंदांत जितके गाडे येतील तितके सगळे पहिल्या नंबरात, पुढच्या सेकंदातले दुसऱ्या नंबरात. पहिल्या नंबरात चाळीस गाडे बसले तरी कुणाला नवल वाटत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या साडेसात वर्षांत बैल पोसत राहिलेल्या मालकांना मधल्या फळीचे दुःख समजावून सांगायला नको.

आता मोटारीकडे वळू. विजेच्या या शर्यतीत सगळ्या संघांचा सांगाडा एक, बॅटरी एक, टायर एक. संघाला स्वतःचे करता येते ते मोटर, तिच्यामागची विजेची यंत्रणा, गिअरबॉक्स, मागच्या चाकांची सस्पेन्शन आणि या सगळ्यांना हुकूम देणारा संगणकातला आज्ञावलीचा भाग. म्हणजे पीठ सगळ्यांना एकाच गिरणीतले. भाकरी ज्याच्या त्याच्या हातची. बॅटरीत वीज मोजकी असते. शर्यतीत लागणाऱ्या विजेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास वीज ब्रेक लावताना परत मिळवायची असते. पहिल्या चार मोसमांत तर एका बॅटरीत शर्यत पुरी होत नसे. सारथी अर्ध्या वाटेत एका मोटारीतून उतरून धावत दुसरीत जाऊन बसे. टपालाचे घोडे बदलावेत तसे!

मोजक्या विजेमुळे एक चमत्कार घडतो. पुढचा गाडीवान वारा कापतो, त्याची वीज जास्त जळते. मागचा त्याच्या आडोशाने वाचवतो. म्हणून काही शर्यतींत पुढे जायला कुणी तयारच नसते. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला असेच झाले, आणि दहाव्या जागेवरून निघालेला न्यूझीलंडचा निक कॅसिडी जिंकला. महिनाअखेरचा संसार ज्यांनी चालवला आहे त्या भगिनींना ही विद्या वेगळी शिकवायला नको.

महिंद्रांच्या संघात कोण कोण आले आणि गेले याची यादी मी काढत बसलो, तेव्हा माझ्या मनात स्थळे पाहणाऱ्या मंडळींचा तो दुसरा प्रश्न घोळू लागला. पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगला झाली. संघात आपला चेन्नईचा करुण चांढोक होता आणि ब्राझीलचा ब्रुनो सेन्ना. चांढोक पाचवा आला. त्याआधी २०१० मध्ये तो फॉर्म्युला वनमधल्या एका शेवटच्या फळीतल्या संघात दहा शर्यती धावला होता. तिथे वेगाने चालवूनही शेवटूनच मोजावे लागे. इथे पहिल्याच दिवशी पाचवा. माणूस तोच, हात तेच! पण एका मोसमानंतर त्याने ती जागा सोडली.

त्याच्यामागून आला जर्मनीचा निक हाइडफेल्ड. या गृहस्थाविषयी मला विशेष प्रेम आहे. फॉर्म्युला वनमध्ये तो १८३ शर्यती धावला, १३ वेळा पहिल्या तिघांत आला, आणि जिंकला एकदाही नाही. इतक्या वेळा व्यासपीठावर चढून सर्वांत वरच्या पायरीवर एकदाही उभा न राहिलेला दुसरा सारथी त्या खेळात नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये महिंद्रांना पहिल्या तिघांतली पहिली जागा मिळवून दिली ती यानेच, तिसरा येऊन! त्याच गावचा वाटावा असा निको हुल्केनबर्ग २०२५ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला पहिल्यांदा तिसरा आला. ती त्याची २३९वी शर्यत होती. मधल्या काळात त्यानेही संघ अनेक बदलले. आमच्या बैठकीत पोहे बशीतच राहिले असते.

महिंद्रांचा पहिला विजय १० जून २०१७ चा, बर्लिनला. सारथी स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट. तो पुढे अमेरिकेतल्या शर्यतींकडे गेला. मग बेल्जियमचा जेरोम डॅम्ब्रोसिओ आला आणि जानेवारी २०१९ मध्ये मराकेशला जिंकला. त्या दिवशी पुढे धावणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या दोन मोटारी आपापसांतच एकमेकींवर आदळल्या आणि मागचा हा पुढे निघाला. त्या दोन भांडखोर मोटारींपैकी एकीत होता अलेक्झांडर सिम्स. दोन वर्षांत हेच सिम्ससाहेब महिंद्रांच्या नोकरीत! ज्याच्या धक्क्याने आपले दिवाळे साजरे झाले त्याला घरात घ्यावे, हा उदारपणाच म्हणायचा.

जुलै २०२१ मध्ये लंडनला अॅलेक्स लिनने महिंद्रांना पाचवा विजय मिळवून दिला. पुढच्या मोसमात त्याची जागा दुसऱ्याची झाली. जिंकून दिल्यावर काही महिन्यांत निरोप! वरच्या फळीत असे सहसा होत नाही, कारण तिथे विजय हा पुरावा असतो. मधल्या फळीत एखादा विजय म्हणजे एखादा बरा दिवस, असे मालक धरून चालतात.

लिनच्या जागी आला तो इंग्लंडचा ऑलिव्हर रोलंड, आणि इथून खरी कथा सुरू होते. रोलंड आधी निसानकडे होता. ती जागा सोडून २०२२ च्या मोसमासाठी तो महिंद्रांकडे आला. ऑगस्टमध्ये सोलला दुसरा आला. लोक म्हणाले, निवड बरोबर. २०२३ मध्ये नव्या घडणीच्या मोटारी आल्या. जोडीला ब्राझीलचा माजी विजेता लुकास डी ग्रासी आला. मेक्सिकोत पहिल्याच शर्यतीत तो पहिल्या जागेवरून निघून तिसरा आला. फेब्रुवारीत हैदराबादला घरच्या मातीवर शर्यत झाली. त्यानंतर पंधरवड्यात केप टाउनला मागच्या चाकांच्या सस्पेन्शनची शंका आली, आणि महिंद्रांनी आपल्या मोटारी शर्यतीतूनच मागे घेतल्या. त्यांचीच यंत्रणा विकत घेणाऱ्या आब्ट संघानेही तेच केले. सस्पेन्शनवर भरवसा नसताना माणसाला त्या वेगात धाडायचे नाही, हा निर्णय मला त्या मोसमातला सर्वांत शहाणा वाटतो. पण सारथ्याच्या मनात त्या दिवशी काय आले असेल?

मे महिन्यात मोनॅकोची शर्यत झाली आणि रोलंडने मोसम अर्धा टाकून जागा सोडली. महिंद्रांचा संघ त्या वर्षी ११ संघांत दहावा आला. रोलंडचे गुण डी ग्रासीहून कमी होते. मोटारी सारख्या आणि जोडीदार पुढे, म्हणजे सारथीच उणा : शर्यतीच्या जगात माणूस मोजायची ही सर्वांत विश्वासाची पट्टी समजतात, कारण दुसऱ्या संघाच्या सारथ्याशी तुलना करताना मोटारीचा फरक आड येतो. त्या पट्टीने रोलंड नापास झाला होता.

तो परत गेला तो निसानकडेच, स्वतः सोडलेल्या घरी. आणि २०२५ च्या जुलैत बर्लिनला तो विश्वविजेता झाला.

पण त्याच मोसमात महिंद्रांचा संघ कितवा आला? चौथा. दहाव्यावरून दोन वर्षांत चौथा. चालवत होते दोघे : एडोआर्डो मोर्तारा आणि नेदरलंड्सचा निक डी व्हरीस. हा डी व्हरीस २०२१ चा विश्वविजेता. २०२२ मध्ये मोंझाला आयत्या वेळी दुसऱ्याच्या जागी बसून नववा आला म्हणून त्याला फॉर्म्युला वनमध्ये कायमची जागा मिळाली, आणि २०२३ मध्ये दहा शर्यतींनंतर काढून घेतली गेली. एका बऱ्या दिवसावर घेतला, दहा वाईट दिवसांवर सोडला. आमच्याकडे प्रोबेशनसुद्धा सहा महिन्यांचे असते!

मग चूक कुणाची? रोलंड थांबला असता तर चौथ्या संघात असता. गेला तर विश्वविजेता झाला. संघाने त्याला जाऊ दिले आणि संघही वर आला. मला वाटते, मधल्या फळीत माणसाच्या पाठीवर लागलेला आकडा त्याचा एकट्याचा नसतो. तो मोटारीचा असतो, त्या वर्षीच्या सस्पेन्शनचा असतो, पुढे कोण कुणावर आदळले याचा असतो. सारथ्याला करारावर सही करायची असते ती मोटार बनण्यापूर्वी. कार्यशाळेत काय शिजते आहे हे त्याला वासावरून ओळखावे लागते. नव्या कंपनीच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या आमच्या पोरांची स्थिती काय वेगळी असते? आणि आपण घरची माणसे मात्र दोन वर्षांनी, निकाल हातात घेऊन, त्यांना शहाणपण शिकवतो.

निष्ठेचे काय, असे कुणी विचारील. चाकणचे नाव निघाल्यावर तो प्रश्न येणारच. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा भुईकोट शाइस्तेखानापुढे जवळजवळ दोन महिने लढवला. कोट पडल्यावर खानाने त्याला आपल्या चाकरीत यायला सुचवले. त्याने ते नाकारले आणि तो महाराजांकडे परत गेला. त्या माणसापुढे आपण नमस्कारच करावा. पण फिरंगोजीला जो धनी मिळाला होता तो प्रत्येक कारखान्याच्या ऑफिसात बसलेला असतो, असे समजून नोकरदारांकडून फिरंगोजीची निष्ठा मागू नये. त्यातून महाराजांनी कोट गेल्याबद्दल त्याला काढून टाकले नाही. पुढे भूपाळगड त्याच्या हवाली केला. निष्ठेची चर्चा करताना आमची वडील मंडळी ही दुसरी बाजू सोयीने विसरतात.

चाकणच्या संघात भारतीय सारथी का नाही, हा वर्गातला आणखी एक प्रश्न. मुंबईचा जेहान दारूवाला महिंद्रांकडे राखीव सारथी म्हणून होता. त्याला प्रत्यक्ष शर्यतीची जागा मिळाली ती २०२४ च्या मोसमात, इटलीच्या मासेरातीकडे. घरच्या संघात बाकावर बसण्यापेक्षा परक्या संघात धावलेले बरे, असे त्याला वाटले असल्यास मी त्याला दोष देणार नाही.

डी ग्रासीची हकीकत सांगायची राहिली. २०२३ चा मोसम संपल्यावर त्यानेही महिंद्रांचा निरोप घेतला आणि जर्मनीच्या आब्टकडे, आपल्या जुन्या मालकांकडे, तो परतला. गंमत अशी की २०२४ च्या मोसमात आब्टच्या मोटारीत यंत्रणा होती ती महिंद्रांकडूनच घेतलेली. म्हणजे साहेबांनी घर बदलले आणि चूल तीच राहिली! आमच्या भोसरीत अशी माणसे गल्लोगल्ली भेटतात. मोठ्या कंपनीचा राजीनामा द्यायचा, दोन लेथ घेऊन शेड टाकायची, आणि पहिली ऑर्डर मिळवायला त्याच कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. गेटवरचा वॉचमन जुनाच असतो. तो ओळखीचे हसतो, चौकशी करतो, आणि मग व्हिजिटरच्या वहीत नाव लिहायला सांगतो.