वळणांचे देणे

मोटारसायकलवरून घाट हिंडण्याविषयी आपल्या महाविद्यालयात सरळ दोन तट पडले आहेत. वडीलधाऱ्यांच्या मते तो निव्वळ उनाडपणा. आमच्यापैकी काहींच्या मते घाट ही अमुक इतक्या मिनिटांत 'मारायची' वस्तू. मला दोन्ही मते मान्य नाहीत. घाट हा एक धडा आहे आणि तो सावकाश वाचावा लागतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मित्राच्या थोरल्या भावाची गाडी मिळाली आणि आम्ही दोघे वाईहून निघालो. पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर; आंबेनळी उतरून पोलादपूर, महाड; परतीला वरंधा घाटाने भोर आणि मांढरदेवीवरून पुन्हा वाई. सुमारे दोनशे किलोमीटरांचा फेरा. महाबळेश्वरच्या एकाच पठारावरून निघालेली कोयना दक्षिणेला जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. सावित्री मात्र पश्चिमेला झेप घेऊन बाणकोटपाशी अरबी समुद्र गाठते. परीक्षेत हा दोन गुणांचा प्रश्न. गाडीवर तो एका वळणात ओलांडला जातो. १६५९ साली वाईहून प्रतापगडाकडे निघालेल्या अफझलखानाच्या फौजेला या डोंगरांनी किती जेरीस आणले असेल, हेही तेथेच उमगते. महाडला चवदार तळ्याच्या काठी आम्ही बराच वेळ उभे होतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे येथे ओंजळभर पाण्यासाठी आली होती. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्या मुलाला अशा ठिकाणी फारसे बोलता येत नाही. याला उनाडपणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे!

पण मला मुख्यतः लिहायचे आहे ते वळणांविषयी. ज्या वळणांवर उभे राहून आपण छायाचित्रे काढतो ती सौंदर्यासाठी काढलेली नाहीत. बैलगाडीला उभा चढ झेपत नाही. म्हणून चढ कमी करायचा तर अंतर वाढवावे लागते. डोंगराच्या अंगावर रस्ता इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवावा लागतो. आपल्या कितीतरी जुन्या घाटांची मोजमापे अशी बैलाच्या दमावर बेतलेली आहेत. सरळ रस्ता डोंगराला हुकूम करतो. वळणाचा रस्ता डोंगराशी समझोता करतो.

हा समझोता दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि तो करणारी माणसे आपल्या छायाचित्रांत कधीच नसतात. माझे आजोबा अशाच एका घाटात मैलकुली होते. त्यांना मैलाच्या दगडावरचे आकडे तेवढे वाचता येत. पण पाणी वाचता येई. ते म्हणत, "रस्ता गाड्यांनी मोडत नाही रं पोरा, पाण्यानं मोडतो." डोंगराच्या बाजूचे गटार मोकळे असले की पाणी मोरीतून दरीत जाते, ते तुंबले की रस्त्याखाली शिरते, भराव पोखरते आणि एके रात्री अर्धा रस्ता दरीत जातो. म्हणून मृगाआधी हातात फावडे घेऊन ते आपला पट्टा साफ करीत. आज त्या पट्ट्यावर तसा कायमचा माणूस मला दिसत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आंबेनळीचा रस्ता जागोजागी वाहून गेला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा पावसापुढे गटार काय करणार, असे कोणी विचारील, आणि ते खरेच आहे. पण दरसालच्या साध्या पावसाचे काय? वरंध्यात वाघजाईपाशी भजी खाऊन आम्ही गटारात डोकावलो, तर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, कागदी पेले! ते बैलगाडीवाल्यांनी टाकलेले नव्हते. निसर्गावर प्रेम करणाऱ्या, म्हणजे आपल्यासारख्यांनीच टाकलेले होते. घाट बंद झाला की आपली एक सहल चुकते. डोंगरातल्या बाईचा मात्र दवाखाना चुकतो, पोराची शाळा चुकते.

तेव्हा वडीलधाऱ्यांना माझी विनंती अशी, की मुलांना घाटात जाऊ द्या, आणि मुलींनाही. भूगोलाच्या तासाला जे फळ्यावर मावत नाही ते तेथे दिसते. आणि मित्रांनो, तुम्हाला सांगणे एवढेच : डोक्यावर शिरस्त्राण असू द्या. उतारावर खालचा गिअर ठेवा. अरुंद रस्त्यावर चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. तो कायदाही आहे आणि माणुसकीही. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा. जमल्यास पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी आपल्या जवळच्या घाटात पाच-दहा जणांनी फावडी घेऊन जाऊ. वळणांचा आनंद आपण फुकट घेतो. त्यांचे देणे कोणीतरी फेडीत आले आहे. आता थोडे आपण फेडावे.